मागे राहिलेला मरतो

२ मे १९९७
वैदेहीची बारावी संपली. जुलैत ती जबलपूरच्या होस्टेलला जाणार. हातात दोन महिने. तेवढ्यात लेकीची मैत्रीण व्हायचंच. आजपासून उपदेश बंद.

३ मे
यांनी भरवेलीहून, खाणीच्या ऑफिसातल्या कुणाकडून, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. दोन माणसं, बंदुका, नुसतं ढिश्क्यांव. शी! ना कथा, ना भावना. वैदेहीला तसं सांगितलं. अर्धा तास. (हा उपदेश नव्हे, मत.) महाराष्ट्र मंडळात यावर निबंध वाचणार. शीर्षक: ‘कथाहीन करमणूक’.

६ मे, दुपार
निबंधासाठी खेळून बघणं भाग होतं. यांच्यासोबत बसले. धबधब्यावर उड्या मारत चढायचं. जो वर जाईल त्याच्याबरोबर चित्र सरकतं आणि मागे राहिलेला पडद्याच्या खालच्या काठावर मरतो. गोळी न लागता! अकरा वेळा मेले. यांना म्हटलं, थांबा हो जरा. म्हणाले, अगं, तूच लवकर ये ना.
हे वाक्य बाजारात, बसस्टँडवर, हट्ट्याच्या बावडीच्या पायऱ्यांवर, वीस वर्षं ऐकतेय.

७ मे
म्हणजे गेममध्ये कथा आहे! कुणी सांगत नाही, नियमच ती आपल्याकडून करवून घेतो. आणि कथा चक्क आमच्या लग्नाची. किळस आली. नवं शीर्षक: ‘पुढे धावणारे’.

११ मे
आता रोज वैदेहीबरोबर खेळते. काय जमतं आमचं! आज मी धबधबा पार केला. ती तीनदा मेली, मुलगी जरा ढिलीच. माझ्या लाइफ संपल्या की बटण दाबायचं, तिच्यातली एक मिळते. विचारावंही लागत नाही. आई-मुलीचं असंच असतं. निबंधात घालायला हवं.
ती म्हणे, आई, रुक ना वं थोडी. म्हटलं, बेटा, तूच लवकर ये ना.

१३ मे
कॉलेजचा फॉर्म भरून टाकला. विषय मीच निवडले, तिची सहीही मीच केली. तिचा तेवढाच वेळ वाचला.

१५ मे
वैदेही खेळत नाही. बोलतही नाही. डोकं दुखतं म्हणे. या यंत्रानं पोरीची काय दशा केली! निबंध आणखी कडक केला.

२० मे, संध्याकाळ
निबंध वाचला. टाळ्या चांगल्या पडल्या. घरी आले तर टीव्ही सुरू. वैदेही आमच्या भांडीवाल्या लीलाबाईंसोबत खेळत होती. लीलाबाई म्हणत होत्या, मले नाई जमत वं, तू जाय पुढं. वैदेही वरच्या दगडावर उभी. म्हणे, आरामात ये मावशी, मी रुकली आहे. दोघी खिदळत होत्या. पोरीला इतकं हसताना महिनाभरात पाहिलं नव्हतं.
मी म्हटलं, सरका लीलाबाई, मी खेळते.
टीव्ही बंद झाला. लाइट गेली असणार.
कूलर मात्र चालू होता.