नायकाचं कार्ड

रिठद
१४ डिसेंबर २०२५

दोस्त बादल,

कसा आहेस, हे विचारून काही उपयोग नाही, तरी विचारतो. इकडं सगळे बरे आहेत. तुरीले शेंगा चांगल्या भरल्या. आमच्या मळ्यातली मेथी रोज वाशिमले जाऊन राह्यली.

तुही बहीण निताताई म्हणाल्या, फोनच्या उजेडानं बादल डोळे मिटून घेतो, तर तू कागदावर लिही, मी त्याले वाचून दाखवते. डॉक्टरनंही घरी सोडताना सांगितलंच होतं, त्याच्याशी ओळखीचं बोलत राहा. म्हणून आपल्या गेमचंच लिहितो. सहा महिने तू ज्या कार्डाची वाट पाह्यली, ते आता माह्याजवळ आहे.

ताई, तुमाले समजावं म्हणून सांगतो. फोनवरचा पत्त्यांचा डाव आहे हा. दर खेपेले थोडी ऊर्जा मिळते, ती खर्च करून एकेक कार्ड मैदानात उतरवायचं अन् समोरच्याचा गड पाडायचा.

तर बादल, कार्डाचं नाव 'तांडा नायक', तुमच्या बंजारा तांड्याचा म्होरक्या. चित्र झकास आहे यार. लाल पगडी, हातात काठी, मागं मिठाच्या गोण्या लादलेले बैल. होस्टेलच्या पोरांले तू सांगत फिरायचा, 'आता आमचा माणूस येऊन राह्यला गेममधी, कसे गड पाडते पाहा!' पण खरं सांगतो, कार्ड फुसकं निघालं. सहा ऊर्जा लागते, अन् ताकद फक्त दोन. उतरला की सोबत एक बैल आणतो, पण तो बैल पुढच्या खेपेपर्यंत जागचा हलत नाही. तवर समोरचा त्याले पाडून मोकळा. सहा ऊर्जेत लोक हत्तीस्वार उतरवतात, तो अर्धं मैदान साफ करते. मी तेवीस डाव खेळलो. सहा जिंकलो, अन् त्यातल्या चार डावांत तर नायक उतरवलाच नव्हता. चार ऊर्जेत देला असता तर गोष्ट वेगळी होती. तू असता तर म्हणाला असता, 'तुले खेळता येत नाही, दे इकडं.' देतो नं. घे नं बाबा.

अजून काय लिहू?

परवा तुहे बा, भाऊसिंगकाका, आमच्या घरी आले होते. काखेत पत्र्याचा तुकडा, पिशवीत लाल रंगाचा डबा. म्हणाले, 'हर्षल, तुहं अक्षर चांगलं आहे. लिहून दे.'

'काय लिहू, काका?'

'सावकाश चालवा, रानातून रोही, नीलगाय आडवी येते. माह्या पोराचं झालं तसं दुसऱ्याच्या पोराचं होऊ नये.'

मी लिहून देलं. रंग वाळेपर्यंत काका ओट्यावर बसले, चहा पेले. जाताना माह्या डोक्यावरून हात फिरवला. मेडशीजवळच्या त्या वळणावर आता ती पाटी उभी आहे, माह्या अक्षरातली.

बादल, रोही आली नव्हती.

तुले माहीत आहे. मले सोडून तुले एकट्यालेच माहीत आहे. अकोल्याहून परीक्षा देऊन मोटरसायकलवर येत होतो. पाच वाजता गेमवाले नवं कार्ड दाखवणार होते. तुह्या फोनची बॅटरी उतरली होती. माहा फोन वाजला, अन् मी गाडी चालवता चालवताच तो खिशातून काढला. तू मागून म्हणाला, 'हर्षल, गाडी बाजूले घे, मंग पाहू.' मी म्हणलं, 'एकच मिनिट.' पगडी दिसली, बस. मंग चाक खडीवर गेलं, अन् तू पुलाच्या कठड्यावर आपटला. माह्या गुडघ्याले खरचटलं, तेवढंच.

लोक जमले. कोणीतरी विचारलं, 'रोही आडवी आली काय रे?' मी मान हलवली. पुढं सगळे तेच बोलत गेले. तुह्या आईनं, गोमतीकाकूंनी, दवाखान्यात मले जवळ घेतलं, म्हणाल्या, 'तू तरी वाचला बेटा.' तवाच सांगाले पाह्यजे होतं. त्यानंतर किती वेळा तांड्यावर आलो, तुह्या खाटेजवळ बसलो. तोंड उघडलं की काकू चहा पुढं करत. मी चहा पिऊन निघून येत होतो.

निताताई, तुमी हे मोठ्यानं वाचत असान तर घरात सगळ्यांनी ऐकलंच असन. नसान वाचत, तर वाचा. माह्या तोंडात हिंमत नाही, म्हणून तुमच्या तोंडून सांगून राह्यलो. हेही चुकीचंच आहे, मले समजते. पण बादलनं गाडी बाजूले घे म्हणलं होतं, हे त्याच्या घरी माहीत असाले पाह्यजे.

ज्याच्या मागं तू भरवशानं बसला होता, तो
हर्षल

◆

तांडा, मानोरा
२० डिसेंबर २०२५

हर्षल,

पत्र मिळालं. कार्डाचं मी बादलले दोनदा वाचून दाखवलं. डोळे उघडे होते. ऐकलं का नाही, सांगता येत नाही. तुले खोटी आस देत नाही.

पुढचं मी मनातच वाचलं, अन् दोन दिवस कागद लपवून ठेवला. तिसऱ्या दिवशी याडी भाकरी थापता थापता म्हणाली, 'हर्षल काहून आला नाही या आठवड्यात? त्याच्याही मनाले लागलं असन.' मंग मले राहवलं नाही. याडी अन् बा, दोघांले समोर बसवून वाचलं.

याडी रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, 'बादलनं खरंच म्हणलं होतं, बाजूले घे?' ती ओळ तिनं माह्याकडून तीन वेळा वाचून घेतली. मंग बादलचा हात धरून बसून राह्यली.

बा उठून बाहेर गेला, तो दिवस मावळताना आला. म्हणाला, 'त्याले लिही. माह्या पोराले बोलता येत नाही, म्हणून त्याच्या कानात सांगतो काय? माह्यासमोर उभा राहून सांग म्हणा.'

मी विचारलं, 'मंग तुमी काय करसान?'

त्यानं बादलचं पांघरूण सारखं केलं. मंग म्हणाला, 'मले काय ठाव.'

मलेही ठाव नाही, हर्षल. माफ केलं असं या घरात अजून कोणी म्हणलं नाही, अन् मी तुले तसं लिहिणार नाही. रविवारी ये. बा घरीच राहणार आहे.

बादलची बहीण,
निता