कळंबहून उत्तर

३ सप्टेंबर १९८५

हात नागूचाच होता. शपथेवर सांगेन — आणि शपथेवर माझा विश्वास नाही.

संध्याकाळी आमचा कट्टा भरला. कट्टा म्हणजे आम्ही पाचसहा हौशी रेडिओवाले, आपापल्या घरून, एका लहरीवर. खोपोलीचा धोंडी हजेरी घेतो. आमच्यातला कुणी गेला तरी त्याचं नाव वर्षभर हजेरीत राहतं. नाव पुकारायचं, सगळ्यांनी क्षणभर गप्प राहायचं, पुढे जायचं. आज धोंडीनं पुकारलं, "नागू, कळंब." आम्ही गप्प. त्या गप्पपणात मोर्सची टिकटिक आली. एकच शब्द — ऐकतोय.

मोर्स म्हणजे आखूड-लांब खुणा, बाकी काही नाही. पण हात प्रत्येकाचा वेगळा, चालण्यासारखा. नागू आयुष्यभर तारमास्तर. शेवटची लांब खूण तो उगाच ओढायचा, दारात उभं राहून बोलणं लांबवणाऱ्या माणसासारखा. आजही ओढली.

धोंडी म्हणाला, "पुढचं नाव घेतो."

नागूला आषाढात मी खांदा दिलाय.

५ सप्टेंबर

पुन्हा तोच शब्द. धोंडी म्हणतो कुणी टवाळखोर असेल. टवाळखोराला हा हात जमणार नाही. इतकी वर्षं ऐकूनही मला जमायचा नाही.

८ सप्टेंबर, रविवार

उलगडलं. संगणक!

नागूच्या जावयानं मस्कतहून एक छोटा संगणक आणला होता, टीव्हीला जोडायचा. नागू त्याला पेटी म्हणायचा; आपल्या रेडिओ-सेटलाही त्यानं ती जोडली होती. कट्ट्यावर त्यानं जाहीर केलं, "मी पेटीला माझा हात शिकवतो. तू ओळखून दाखव." मी म्हटलं, यंत्र खुणा पाठवील, हात कुठून आणील? पाऊस लागेपर्यंत तोच वाद. तो परदेशी मासिकांतल्या बातम्या वाचून दाखवायचा — बँकेत संगणक, टेलिफोन एक्सचेंजात संगणक — आणि मी तुटून पडायचो. युनियनचा माणूस म्हणून कारखान्याच्या दारात, गेटसभेत जे सांगतो तेच सांगायचो: यंत्रानं माणसाचे कष्ट घ्यावेत, जागा घेतली तर आम्ही आडवे पडू. नागू हसायचा. "भाषण नको करूस रं. बोल माझ्याशी."

पेटी आपोआप चालू होत नाही. म्हणजे नागूची बायको, जिजावहिनी, लावतात. घरात एकट्या. लेक जनी त्यांना मुरबाडला न्यायला दोनदा येऊन रिकामी गेली. आता कळलं का हलत नाहीत. नवरा बोलतोय असं समजून त्या टिकटिकीपाशी बसून राहतात. यंत्राच्या विरोधात मी इतकं बोललो, पण असं काही मला सुचलं नव्हतं.

जाऊन सांगितलं पाहिजे. ती पेटी बंद झाली पाहिजे.

११ सप्टेंबर

गेलो नाही.

आज गप्प राहायचा नियम मोडला. "ऐकतोय" आल्यावर मी माइकवर विचारलं, "ऐकतोयस तर सांग, बँकेतल्या कारकुनांनी जायचं कुठे?"

उत्तर आलं. मी कागदावर उतरवून घेतलं. "तारमास्तरांचं काय झालं ते विचारलंस कधी?"

कट्ट्यावर कुणी हूं की चूं नाही. आणि — इथे खोटं कशाला लिहू — मला बरं वाटलं. आषाढापासून मला कुणी अडवलं नव्हतं. सभेत टाळ्या पडतात. टाळ्या वाद घालत नाहीत.

१३ सप्टेंबर

आज लांबला वाद. चिमटे तेच, तिरकेपणा तोच. वहिनी समोर बसून लिहीत असतील? त्या चौथी शिकलेल्या, त्यांना एक्सचेंजातलं काय ठाऊक? मग पेटीच विचार करते? तसं असेल तर मी इतकी वर्षं सभांतून जे सांगितलं ते सगळं धुऊन गेलं.

खोपोलीची गेटसभा टाळली. कट्टा चुकला असता.

१५ सप्टेंबर, रविवार

एस.टी.नं कळंबला गेलो. वहिनी ओटीवर वाल सोलत होत्या. चांगल्या खात्यापित्या दिसल्या.

"आलाव का भावोजी. लय दिस लावलेत."

सगळं ठरवून गेलो होतो. म्हटलं, "वहिनी, त्या पेटीत नागू नाही."

"मला काय याड लागलंय? त्यांच्या तोंडात शेवटचं पानी मीच घातलं."

"मग रोज लावता कशाला?"

"तुमच्यासाठी." वालांवरून नजर न काढता म्हणाल्या. "ते सांगून गेलेत. म्हणाले, वादाला कोन नसलं तर तो मानूस वाळून जाईल, वरीसभर बटन दाबत जा. म्हून तर जनीकडं जात नाय. ती रागावलीय माज्यावर."

मी विचारलं, बाकीचं कोण पाठवतं? वाद?

"कसला वाद? एकच शब्द हाय तिच्यात. दुसरा भरायच्या आदीच गेले ते."

मी म्हटलं, उद्यापासून दाबू नका, लेकीकडे जा. त्यांनी उठून पिन काढली, वायर नीट गुंडाळली. "खरंच ना? मागनं वाळायचं नाय," म्हणाल्या.

उद्या जनी टेंपो घेऊन येते आहे.

१६ सप्टेंबर

वहिनी मुरबाडला पोचल्या असतील. आज धोंडीनं नाव पुकारलं, "ऐकतोय" आलं नाही. वाद मात्र आला. रोजच्यापेक्षा तिखट.

१७ सप्टेंबर

धोंडी भिसेगावला माझ्या घरी आला. बसला नाही. म्हणाला, "भाऊ, 'ऐकतोय' कळंबवरनं यायचं. पुढचं सगळं तुमच्या सेटवरनं येतं. तुमचा सेट मीच दुरुस्त करतो, त्याचा सूर मला कळनार नाय? आमी मधी पडत नाय. म्हटलं, तुमाला बरं वाटतं तर असू दे."

माझ्या सेटची मोर्सची कळ डाव्या बाजूला आहे. उत्तरं उतरवून घेताना माझा उजवा हात कागदावर असतो. डावा कुठे असतो, ते आठवत नाही.