बाटली भरेपर्यंत

तीर्थरूप एलादियोमामांस,

भाचा सातुर याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण ही खोली एवढीशी आहे की मी आडवा झालो तर डॉक्टरीणबाईंना टेबलावर चढून बसावं लागेल, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला गोड मानून घ्यावा. आपली प्रकृती कशी आहे? रक्तदाब आटोक्यात असेल अशी आशा करायला मला तोंड नाही. मघाशी आपल्या गावच्या, वाल्देतोरेहोच्या, जाळ्यात चेंडू गेला तेव्हा तो कुठवर चढला असेल, याचा मला अंदाज आहे. विसीमामींच्या गुडघ्यांना या उन्हानं आराम पडला असेल. इकडे मी खुशाल आहे, म्हणजे निदान दाराला आतून कडी तरी आहे.

तुमचं घर या मैदानापासून हाकेच्या अंतरावर असताना हा पत्र कसलं लिहीत बसलाय, असं तुमच्या मनात येईल. त्याचं असं झालं की फोन बॅगेत, बॅग बसमध्ये आणि बस गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर. काचा शाबूत हव्या असतील तर आत्ताच्या आत्ता नीघ, असा सल्ला पोलिसांनी आमच्या ड्रायव्हरला दिला आणि त्यानं तो शिरसावंद्य मानला. मी मागे राहिलो, कारण सामना संपल्यावर दोन्ही संघांतल्या खेळाडूंच्या नावाच्या चिठ्ठ्या काढतात आणि ज्याचं नाव निघेल त्यानं काही औषधबिवषध घेतलंय का, हे पाहायला लघवी भरून द्यायची असते. ती दिल्याशिवाय सुटका नाही. इतक्या वर्षांत माझं नाव कुठल्याही चिठ्ठीत निघालं नव्हतं (नाताळच्या सोडतीत तर नाहीच), ते नेमकं आज निघालं. तुमच्या संघाचा गोलकीपर समोरच्या खुर्चीत येऊन बसला, माझ्याकडे न बघता उठला, बाटली भरली आणि दार आपटून गेला. माझ्या अंगातलं होतं नव्हतं ते घामावाटे मैदानात जिरलंय. पाणी पिऊन पिऊन पोटाचा माठ झाला, बाईंनी मदत म्हणून नळही सोडून पाहिला, पण काही उपयोग नाही. त्यात बाहेर माझ्या नावानं शंख चाललाय. आमच्या आळीतला खाटीक होआकिन दारावर थापा मारून विचारतोय, "सातुर, लेका, याच गावचं दूध प्यायलास ना? ये की बाहेर." अशा वेळी कुणाला मोकळं व्हायला होईल, तुम्हीच सांगा.

कागद-पेन रेमेनं दिलं. (क्लबचे कपडे धुते ती, तुमच्या समोरच्या घरातली. रडून रडून डोळे लाल झालेत बिचारीचे.) म्हणाली, "पत्र पोचवीन, पण तुझे मोजे धुणार नाही." मोज्यांचा विषय मी काढलाच नव्हता.

आता मुद्द्याचं. बुधवारी तुमचा फोन आला. आज बरोबरी झाली असती तर तुमचा वाल्देतोरेहो तरला असता आणि आमचा रिबासेका खालच्या डिव्हिजनमध्ये गेला असता, आणि आम्ही जिंकलो तर बरोबर उलटं, हे तुम्हालाही ठाऊक होतं, मलाही. तुम्ही म्हणालात, "पोरा, जीव तोडून खेळ. गोल तेवढा दुसऱ्या कुणाला तरी मारू दे." मी हो म्हणालो. मामा, मी तो शब्द पाळायचा मनापासून प्रयत्न केला. पहिल्या हाफमध्ये गोलपोस्ट मोकळी असताना मी चेंडू बाहेर, चर्चच्या दिशेनं मारला. तुम्हाला वाटलं असेल भाच्यानं शब्द राखला. पण ती चूक अस्सल होती हो. अशाच चुकांच्या जोरावर तर मी सगळा देश फिरलोय. मध्यंतरात आत गेलो तर कुणी माझ्याकडे बघेना. कोच बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "काय सातुर, गावची हवा मानवली वाटतं." खोलीत कुणी हसलं नाही. ज्यांच्याबरोबर वर्षभर जेवलो, बसमध्ये ज्यांच्या खांद्यावर झोपलो, ती माणसं मला विकला गेलेला समजत होती, आणि इकडे तिसऱ्या रांगेत तुम्ही बुडाखाली उशी घेऊन बसला होतात. मला दोन्हीकडची भीती वाटत होती.

म्हणून दुसऱ्या हाफमध्ये मी एक युक्ती काढली. धावायचं भरपूर, घाम गाळायचा, पण चेंडू जिथे येणार नाही अशाच जागी. शेवटी शेवटी आम्हाला कॉर्नर मिळाला. सगळे गोलच्या जवळच्या खांबाशी रेटारेटी करायला गेले आणि मी मुकाट्यानं दूरच्या खांबाशी जाऊन उभा राहिलो. आमचा कॉर्नर मारणारा तिथवर चेंडू पोचवू शकत नाही, हे मी वर्षभर पाहत आलोय. यावेळीही तो पोचला नाहीच. पण मधे कुणाच्या तरी डोक्याला लागला, मग खांबाला, मग तुमच्या बचावपटूच्या पाठीला, आणि आला सरळ माझ्या पायाशी. गोलकीपर जमिनीवर पालथा. समोर नुसतं जाळं. मामा, सोडून देता आला असता. तुमचा आवाज कानात होता, कोचची नजर पाठीत होती, आणि मी अजून ठरवतोच आहे तोवर पायानं मारूनसुद्धा टाकला. पायाला मामा नसतो, दुसरं काय.

इथवर तुम्ही मला माफ केलंही असतं. पुढचं जे केलं त्यानं घात झाला. आमच्या धंद्यातली रीत तुम्हाला माहीत आहे. ज्या क्लबचं मीठ खाल्लं, त्याच्याविरुद्ध गोल केला तर आनंद करायचा नाही, हात जोडायचे आणि मान खाली घालून माघारी यायचं. मी तर कुणाचं मीठ खायचं ठेवलं नाही. उत्तरेतल्या त्या सार्डिन माशांच्या बंदरात खेळलो, चेंडू समुद्रात जायचा त्या बेटावर खेळलो, डोंगरातल्या एका गावी तर असं धुकं की नाताळपर्यंत तिथल्या प्रेक्षकांनी मला धड पाहिलंही नव्हतं, तरी पुढल्या वर्षी त्यांच्या जाळ्यात चेंडू गेला तेव्हा मी हात जोडले. (ते एकमेकांना विचारत होते, हा कोण?) उभ्या आयुष्यात गोल करून मी कधी पोटभर ओरडलो नाही. एकच क्लब असा उरला होता की ज्यानं मला कधी घेतलंच नाही. आपल्याच गावचा. बगळ्याचे पाय आहेत, घरी न्या, असं त्यांच्या कोचनं सांगितलं होतं आणि तुम्ही एक शब्द न बोलता मला तुमच्या रेनो गाडीत बसवून दुसऱ्या गावी चाचणीला नेलं होतं, मग तिसऱ्या, मग चौथ्या. तर गोल झाला, हात जोडायला वर गेले, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला की इथे माफी मागायची गरज नाही. मग मी सुटलोच. कोपऱ्यापर्यंत धावलो, गुडघ्यांवर घसरलो, ऐकू येत नाही अशा थाटात कानामागे तळवे धरून ओरडलो, शर्ट काढून गरगर फिरवला. डोळे उघडले तर समोर तिसरी रांग.

बाकीच्यांनी बसायच्या उशा माझ्या अंगावर फेकल्या, त्याचं काही नाही. तुम्ही फेकली नाहीत. तुम्ही ती काखेत घातलीत आणि चालू लागलात. शेवटची शिट्टी व्हायच्या आधी तुम्ही कधी मैदान सोडलेलं नाही, माझा मामेभाऊ जन्मला त्या रविवारीसुद्धा नाही (विसीमामी अजून ऐकवतात). मला एक उशी मारली असतीत तर फार बरं वाटलं असतं.

एवढंच सांगायचं होतं. मी मुद्दाम केलं नाही, आणि केलं तेव्हा फार आनंद झाला, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. उत्तराची घाई नाही. मामींना नमस्कार.

आपला भाचा,
सातुर

ता. क. घाई नाही म्हणालो खरा, पण रेनो चालू स्थितीत असेल तर मागच्या फाटकाशी आणता येईल का? तिथे होआकिनचं लक्ष नाही. पेट्रोल पंपापर्यंत सोडा, वाटेत बोलला नाहीत तरी चालेल.

आणखी एक ता. क. आत्ता क्लबचे अध्यक्ष डॉन लेओकादियो आत आले होते. उपड्या बादलीवर बसून आधी रडले, मग डोळे पुसून म्हणाले, "पुढच्या वर्षी आमच्याकडे येतोस का? खालच्या डिव्हिजनचा तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे?" मी अजून काही बोललो नाही. हो म्हटलं तर या देशात मोकळेपणानं ओरडायला एकही मैदान उरणार नाही, तेही कबूल. पण तिसऱ्या रांगेत तुम्ही बसणार नसाल तर मला यायचं नाही. खरं तर हे विचारायलाच पत्र लिहायला घेतलं होतं, अध्यक्ष यायच्या आधीपासून. मला गावात येऊ द्याल ना, एवढंच.

शेवटचा ता. क. रेमे पत्र न्यायला आली आणि म्हणाली, खिडकीतून बघ. मागच्या फाटकाशी रेनो उभी आहे. तुम्ही बाहेर उभे आहात आणि काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी लांब आहे. लहानपणी प्रत्येक सामन्यानंतर तुम्ही असाच कागदात गुंडाळलेला हातभर लांब ऑम्लेट-पाव घेऊन फाटकाशी उभे असायचात, जिंकलो तरी आणि हरलो तरी. इथून तो पाव आहे की काठी, हे कळत नाही. काठीला कुणी कागद गुंडाळत नाही, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं आहे, पण त्या तुम्हाला ओळखत नाहीत. काही असो, मी बाहेर येतोय, पत्र स्वतःच देतो. इतक्या पाण्यानं जे झालं नव्हतं ते तुम्हाला बघून झालं. बाटली भरली.