शौचालयाच्या खड्ड्यातला कुत्रा

तीर्थरूप कोंडाजीकाकांस,

आगरदांड्याहून विनेशचा साष्टांग नमस्कार. तुमच्या गुडघ्यांना उलव्याची हवा मानवली असेल आणि सुक्या बोंबलांवरून काकी तुम्हाला आता कमी बोलत असतील, अशी आशा. (फोनवर तुम्ही माझं एक ऐकता आणि काकींना भलतंच सांगता, म्हणून हे पत्र.)

पर्यटकांसाठी घरामागे दोन खोल्या बांधतोय, त्यांच्या शौचालयाचा खड्डा सदू खणत होता. खाली शिंपल्यांचा जाड थर लागला आणि त्यात माणसाची कवटी. सदू असा उडाला की त्याची एक चप्पल आतच राहिली. (मी पळालो नाही, पोलिसांना बोलवायला वेगाने गेलो.) आई म्हणाली, "आपल्यातलाच कोन तरी हाय," आणि तिने तिथेच नारळ फोडला. त्याची एक वाटी गडगडत थेट कवटीपाशी गेली, तशी जमलेली निम्मी आळी घरी परतली. हवालदारांनी मयताचं नाव विचारलं. कोण सांगणार?

मग पुण्याहून उत्खननवाल्या प्राप्ती मॅडम आल्या आणि ब्रशने माती झाडत बसल्या. मला वाटलं, गेला हंगाम. (तुळशीलाही तेच वाटलं, आणि तुमची सून काही मनात ठेवत नाही.) शेवटी त्यांनी आम्हाला खड्ड्याच्या कडेला बोलावलं. काका, खाली एक माणूस कुशीवर निजलेला, आणि त्याच्या पोटाशी मुटकुळं करून एक जनावर.

"कोल्हा असंल," सदू म्हणाला.

"नाही, कुत्रा. जबडा आखूड आहे, दात दाटीने आलेत. ही शेती यायच्या आधीची माणसं. शिकार करायची, शिंपले खायची. नेमका काळ प्रयोगशाळा सांगेल. पण हा पाय बघा."

मागच्या पायाचं हाड मोडून वाकडं जुळलं होतं. मॅडम म्हणाल्या, "मोडक्या पायाने शिकार होत नाही. हाड जुळेपर्यंत याला कुणीतरी खायला घातलंय. नंतर हा म्हातारा होऊन मेला."

काका, भात नाही, गाय नाही, मडकंसुद्धा नाही. स्वतःला उद्या मिळेल याचा भरवसा नाही, आणि तरी कुणीतरी आपल्यातला घास लंगड्या कुत्र्यापुढे टाकत होतं. आपल्या घराच्या मागे! माझ्या अंगावर काटा आला तो जाईना. हवालदारांनी टोपी काढली. आई तिथेच बसली. "याचा नाव काय असंल गो बाय?"

"ते हाडांवर लिहिलेलं नसतं, आजी," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

दोघांना वेगळं करू नका, असं आईने त्यांना पुन्हा पुन्हा बजावलं. त्यांनी ऐकलं. मातीसकट एकाच पेटीत नेलं. टेम्पो निघाला तेव्हा सगळी आळी रस्त्यापर्यंत पोचवायला आली होती, आणि कुणी काही बोलत नव्हतं. (आपली आळी, काका!)

काकींना नमस्कार.

तुमचा पुतण्या,
विनेश

ता.क. त्या जागेला आता दोरी बांधली आहे, तिथे शौचालय होणार नाही. तुमच्या वाटणीतली फणसाखालची जागा रिकामीच पडून आहे. लेखी परवानगी पाठवावी.

आणखी ता.क. परवानगीवर तारीख मागच्या सोमवारची घालावी. सदू फणसाखालच्या खड्ड्यात उभा राहिला तर आता दिसत नाही.