डाव्या कुशीवरची कॉपी

द्वारका, नाशिक
रविवार

तीर्थरूप अक्का,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, वाकलो की धाप लागते, त्याचं पुढे येईलच). तुझे गुडघे बरे असतील आणि चाळीत साठवलेला कांदा टिकला असेल, असं धरून चालतो. फोन केला असता, पण तू फोनवर बोललीस की सगळं चांदवड ऐकतं.

तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची एक झडप आखडल्याचं निघालं. आवाज अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा आहे, असं मोठे डॉक्टर कौतुकाने म्हणाले आणि तेव्हापासून दरवर्षी मेडिकल कॉलेजच्या परीक्षेत मला पेशंट म्हणून झोपवतात. मुलांनी छाती ऐकून दुखणं ओळखायचं. पस्तीस वर्षं शाळेत प्रश्नपत्रिका काढल्या, आता मीच प्रश्नपत्रिका (चहा-बिस्किटं मिळतात, मान वेगळा). प्रतिभाला मात्र परीक्षक म्हणून जातो असं सांगितलंय. तिला उगीच घोर कशाला?

यंदा निफाडची सृष्टी नावाची मुलगी आली. घाबरून नळी भलतीकडेच लावत होती. माझा आवाज डाव्या कुशीवर वळून श्वास सोडला की नीट ऐकू येतो. उभ्या जन्मात कुणाला कॉपी करू न दिलेला मी, गुपचूप डाव्या कुशीवर वळलो. पोरगी पास झाली.

परवा ती पेढे घेऊन आली (प्रतिभा भाजीला गेली होती, नशीब माझं). वाकून नमस्कार केला आणि पायांकडेच बघत राहिली. म्हणाली, "सर, पायाला सूज हे, बोलताना धाप लागतेय. आता परीक्षेला येऊ नका, आधी ऑपरेशन करून घ्या." मोठ्या डॉक्टरांनीही पुन्हा तपासून तेच सांगितलं. माझ्याच कॉपीवर पास झालेली मुलगी मला नापास करून गेली. तरी खरं सांगतो, शिकवल्याचं इतकं समाधान मला शाळेतही क्वचितच मिळालं. बाकी मजेत आहे.

तुझा धाकटा,
निवृत्ती

ता.क. ऑपरेशन वीस तारखेला आहे. तू एकोणीसला ये आणि प्रतिभाला तूच सांग. माझं तोंड उघडत नाही. भीती वाटते, अक्का.

ता.क. (हे अक्षर प्रतिभाचं) वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून आधी वाचलं. परीक्षक बनियन उलटं घालून घरी येत नाहीत, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. एका उशीवर झोपणाऱ्या माणसाला आता तीन लागतात, तेही दिसतं. दवाखान्याची पिशवी भरून ठेवली आहे. तुम्ही एकोणीसला या आणि मला सगळं सांगा. मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकेन, त्यांना तेवढंच बरं वाटेल.