रोझीचा ठिपका

शिरूर,
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

गिदोनदादा,

तुला आन् वहिनीला नॅन्सीचा सलाम. आम्ही समदी देवाच्या दयेनं बरी हाओत. सासूबाईंच्या गुडघ्याची सूज जरा उतरलीय, चर्चपतुर चालत जात्यात. जॉन्सनची सणसवाडीला फर्स्ट शिफ्ट हाय, उजाडायच्या आत बसला पळतो. आईला दौंडला फोन लावलता. ती म्हंती, गिदोन कॉलेजची एवढी पोरं घेऊन शिरूरला जातो आन् दौंडला यायला त्याला सवड न्हाई. तर एकदा जाऊन ये.

फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. तुझा फोन आला की सासूबाई म्हणत्यात स्पीकरवर टाक, गिदोनचा आवाज ऐकू दे. मग मला बोलायचं ते ऱ्हाऊन जातं. हे पाकीट तुझ्या चाचणीच्या कार्डांच्या पेटीत ठेवते. तुझ्या वर्गातली ती सीमा मगाशी पेटी ठेवून गेली. म्हणाली, "सरांच्या बहिणीकडंच सुरक्षित." उद्या चर्चच्या बालवाडीच्या अंगणात पेटी तूच उघडशील. हे वाचल्याबिगर लेकरांना बसवू नको.

मागल्या येळेला बी पेटी माझ्याकडंच होती.

दादा, तू मास्तरांचा मास्तर. मूल्यमापन, संख्याशास्त्र, संशोधन कसं करायचं, असलं शिकवतोस. मी आठवीत शाळा सोडलेली, मला काय कळतंय. बालवाडीच्या लेकरांची चाचणी म्हटल्यावर मला वाटलं पास-नापास असणार, आन् नापासांची नावं चर्चमधी समद्यांम्होरं वाचणार. म्हणून आदल्या दिवशी पेटी उघडली. कार्डाच्या म्होरं चार चित्रं, मागं प्रश्न लिहिलेला. माझ्या रोझीला मांडीवर घेतलं आन् एकेक कार्ड धरून तिचं बोट बरोबर चित्रावर ठेवलं. जमलं की खारीचा तुकडा. तिला खेळच वाटला. दिवेलागणीपतुर समदी कार्डं तिला पाठ. एवढं हसताना मी तिला कवा बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू तुझ्या पोरापोरींना सांगत होतास, "आपण लेकरांना तपासायला नाही आलो, आपली चाचणी तपासायला आलोय. काटा नवा आहे. तो दोन्ही वेळेला तेच वजन दाखवतो का, ते बघायचं. म्हणून काही दिवसांनी परत यायचं. तीच कार्डं, तीच लेकरं."

मी कपबशा विसळत हुते. तवाच सांगायला पायजे हुतं. पर तवर रोझीचा नंबर आलता.

सीमा कार्ड धरायची, प्रश्न वाचायला तोंड उघडायची, तवर रोझीचं बोट चित्रावर. सीमा म्हणाली, "सर, तुमची भाची तर प्रश्नाच्या आधीच उत्तर देतेय!" समदी हसली. तू बी हसलास.

शेजारच्या सविताचं पोरगं रडून उठलं. ती नळावर मला ऐकवून म्हणाली, "मामाच परीक्षा घ्यायला, मग भाची पहिली येणारच की गं बाय." मी तिच्याशी कडाकडा भांडले. तुझं पोरगं ढ हाय त्याला मी काय करू, म्हणले. ती खरं बोलली आन् मी तिच्या लेकराला बोलले. आता ती नळावर दिसली की मी घागर घेऊन माघारी येते.

जॉन्सननं कंपनीत पेढे वाटले.

पर समद्यात जास्त लाज तुझ्या फोनची वाटली. तू सांगत हुतास, वर्गात फळ्यावर एकेका लेकराचा ठिपका काढला. समदे ठिपके एका जागी गोळा, आन् रोझीचा एकटाच लांब वर. एक पोरगा म्हणाला, "सर, हा पुसून टाकू, हिशेबात बसत नाही." तू त्याला म्हणालास, "अडचणीचा आहे म्हणून ठिपका पुसायचा नसतो. त्याच्या मागं एक लेकरू आहे. तो वर का गेला, ते आधी शोधा." सासूबाई ऐकून डोळे पुसाय लागल्या. माझ्या खोट्यासाठी तू वर्गाशी भांडलास, दादा. मी नुसतं व्हय व्हय करून भांडी घासायला गेले.

वर का गेला, ते सांगते.

चाचणीच्या आधी, नाताळला आपण समदी दौंडला हुतो. घरामागनं रेल्वेगाडी गेली, तिचा भोंगा एवढा वाजला की सॅमसनमामाचा चहा अंगावर सांडला. रोझी पाठ करून ठोकळे रचत बसलेली. हलली न्हाई. आई म्हणाली, "पोरगी लई एकचित्त हाय." मी म्हणले, व्हय.

तवापास्नं मी तिच्या मागं उभी ऱ्हाऊन हाका मारून बघते. ताट आपटून बघते. फरशी हादरली तरच वळती. समोर तोंड दिसलं की थोडं थोडं समजतं तिला, म्हणून लोकांना वाटतं हट्टी हाय, मनात आलं तरच ऐकती. पाच वर्षांची झाली तरी धड बोलत न्हाई. सासूबाई म्हणत्यात, जॉन्सन बी उशिरा बोलला. मी बी तेच म्हणते. दवाखान्यात न्यावं आन् डॉक्टर बोलला तर म्हणतील, आमच्यात असं कुणी न्हाई, हे तुझ्याकडनं आलं.

नापासाचं मी वर लिहिलं ते अर्धंच खरं हाय. मला भ्या तुमचं वाटलं. तुम्ही एवढी शिकलेली माणसं, घडीभर तिच्याम्होरं बसला की वळखाल. आन् तुम्ही वळखलं न्हाई. मी वळखू दिलं न्हाई.

आज पेटी दिसल्याबरुबर रोझी खारी मागाय लागली. मी पेटी वर फळीवर ठेवली, तर रडली. उद्या तिला बसवलंस तर परत समदं बरोबर येईल. तुझी पोरं लिहितील काटा नीट हाय. जॉन्सन परत पेढे आणंल. आन् जूनमधी रोझी शाळेत जाऊन मागल्या बाकावर बसंल, बाईंच्या तोंडाकडं बघत.

तुझ्या पोरांना एक मात्र सांग. एका संध्याकाळीत समदी कार्डं ध्यानात ठेवली तिनं, नुसती बघून. चोरी माझी, पर ती हुशारी तिची हाय.

तू हे वाचशील तवा मी अंगणात सतरंजी आथरत असंन. जॉन्सनला सुट्टी घ्यायला लावलीय, कशाला ते सांगितलं न्हाई; त्याला बी डोळ्यांनी बघू दे. रोझी तिथंच खेळत असंल. तिला कार्डं दावू नको. पाय न वाजवता तिच्या मागं जा आन् हाक मार. मग जोरात मार, वर्गात मारतोस तशी.

ती वळली न्हाई तर लगीच माझ्याकडं बघू नको, दादा. आधी तिच्या म्होरं जाऊन बस. तुझं तोंड दिसू दे तिला. मग कॉलेजात गेलास की तो ठिपका पुस.

आधी पत्र लिहायची तवा खाली तुझी लाडकी असं लिहायची. आज न्हाई लिहीत.

रोझीची आई,
नॅन्सी