देव्हाऱ्याजवळची वाटी

अहो,

आज गुरुवार, दुपारपर्यंत माझं मौन आहे, म्हणून लिहून ठेवते.

गाडीच्या कूलंटचं पाणी वाटीत काढून कोणी देव्हाऱ्याजवळ ठेवतं का? दुधाच्या चहासारखा रंग बघून मला वाटलं, आईंनी पंचामृत केलंय, गूळ जास्त पडला असेल. बाळकृष्णाला त्यानेच आंघोळ घातली. तीर्थ तोंडाला लावणार, एवढ्यात वास आला. मग तीन तांबे पाणी ओतलं, तरी मूर्ती तेलकटच, पाण्याचे थेंब वरून घरंगळतच होते. शेवटी रिठ्याने घासली. देव काही बोलले नाहीत, पण मला फार वाईट वाटलं.

तेव्हा तुम्ही म्हणता तसा कूलंटमध्ये गंज नाही, इंजिनचं ऑइलच उतरलंय. अमृत मेकॅनिक आठ दिवस तेच सांगतोय, आणि तुमचं एकच, "त्याला काय कळतंय!" ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं हेडगॅस्केट गेलं असेल, तर साखरपुड्याला उधव्याला जाताना वाटेतच इंजिन जाम होईल. आईंना मी एसटीने नेते. चावी अमृतच्या गॅरेजवर देऊन जाईन.

तो दहाला गाडी न्यायला येईल. ऑइल तुम्हीच ओळखलंत म्हणून सांगा. कसं ओळखलंत, ते मात्र सांगू नका.

सुषमा